खुंटी मुलाच्या उंचीची

'पाणी वाचवा' हे वाक्य शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं, आणि ते वाचता येण्याच्या दोन-तीन वर्षं आधीच मूल नळ सोडायला शिकलेलं असतं. तो किती सोडायचा, हाताला साबण लावताना चालू ठेवायचा की बंद करायचा, बादली भरून वाहायला लागली तर धावत जायचं की नाही, हे सगळं त्याने घरातल्या माणसांकडे बघून उचललेलं असतं. भिंत वाचायला येते तेव्हा सवय जुनी झालेली असते.

म्हणून पर्यावरणस्नेही सवयींचं खरं वय तीन ते आठ. या वयात तापमानवाढ समजत नाही, ओझोनचा थर समजत नाही, आणि समजावूही नये. पण वस्तू जागच्या जागी ठेवण्याची हौस, मोठ्यांची नक्कल करण्याची घाई आणि 'मीच करणार' हा हट्ट या वयात जितका असतो तितका पुन्हा कधी नसतो. या तीन गोष्टींवर सवयी उभ्या राहतात. मोठ्यांचं मुख्य काम उपदेशाचं नाही, मांडणीचं आहे: कुठली वस्तू कुठे ठेवायची, किती उंचीवर, आणि कुठल्या कामाला जोडून.

उदाहरणासाठी आपण भिवंडी तालुक्यातलं खारबाव घेऊ. वसई-दिवा रेल्वेमार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड यांच्यामधलं हे स्टेशन. दक्षिणेला उल्हास नदीची, म्हणजे वसईची खाडी. पलीकडे घोडबंदरचा किनारा. एका बाजूला भातशेती, खारजमिनी, तिवरांची झाडी आणि वीटभट्ट्यांचा धूर. दुसऱ्या बाजूला अख्ख्या मुंबईचा माल साठवणारी भिवंडीची गोदामं, त्यांच्याबरोबर येणारे कंटेनर, पुठ्ठा, थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या. इथलं पाच वर्षांचं मूल सकाळी चिंबोरी पकडणारा माणूस बघतं आणि संध्याकाळी फुगेवाल्या प्लॅस्टिकचे फुगे टचाटच फोडत खेळतं. पर्यावरणाचा पाठ द्यायला याहून भरलेला वर्ग सापडणार नाही.

बोर्डी, 1945

लहान मुलांना परिसरातूनच शिकवायचं, ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आयती आलेली नाही. ती खारबावच्याच जुन्या जिल्ह्यात घडली. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला. तोवर खारबाव आणि डहाणू तालुक्यातलं बोर्डी एकाच ठाणे जिल्ह्यात होतं.

ताराबाई मोडक (1892-1973) यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला मॉंटेसरी पद्धतीवर काम केलं होतं. 1945 मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ (1910-1992) त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. पहिली अडचण अगदी साधी होती. बालवाडी तयार होती, पण वाड्या-पाड्यांवरची मुलं तिथे येईनात. तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली, घरांच्या अंगणात भरू लागली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम वाढलं, आणि गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर नेण्याचा प्रयोगही तिथे झाला.

दुसरी अडचण साधनांची. मॉंटेसरीची साधनं महाग होती. ताराबाईंनी मोजायला बिया आणि शिंपले घेतले, आकार ओळखायला दगड आणि पानं घेतली, बांबू आणि माती घेतली. खर्च वाचला हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मूल ज्या वस्तूंमध्ये जगत होतं त्याच वस्तू अभ्यासाच्या झाल्या. चिंचोका हा कचरा राहिला नाही, तो गणिताचा मणी झाला. आंघोळ, केस विंचरणं, अंगण झाडणं ही कामंही वेळापत्रकातच होती, वेगळा 'स्वच्छतेचा तास' म्हणून नव्हती.

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरली. आज खारबावच्या आसपासच्या पाड्यांवरही ती आहे. पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरण आणि रजिस्टरं सांभाळता सांभाळता अंगणवाडीच्या ताई आणि मदतनीस थकून जातात. बोर्डीच्या कामातला परिसराचा भाग मागे पडतो. तो पुन्हा आणायला नवीन योजनेची गरज नाही. चिंचोके, करवंट्या, शिंपले आणि दोन रंगवलेले डबे एवढ्यावर सुरुवात होते.

नक्कल करणारी मुलं

1961 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा यांनी एक प्रयोग केला. तीन ते सहा वर्षांच्या 72 मुलांपैकी काहींनी एका मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला बडवताना पाहिलं, काहींनी त्याला शांतपणे दुसऱ्या खेळण्यांशी खेळताना पाहिलं, काहींनी काहीच पाहिलं नाही. नंतर एकटं सोडल्यावर बडवणं पाहिलेल्या मुलांनी तसंच बडवलं. काहींनी तर वापरलेले शब्दही तेच. कोणी त्यांना 'असं कर' म्हटलं नव्हतं.

हा प्रयोग मारामारीविषयी असला तरी आपल्या कामाचा आहे. रिक्षात बसलेला बाप गुटख्याची पुडी बाहेर टाकतो, तेव्हा मागे बसलेल्या मुलाचा पर्यावरणाचा धडा पूर्ण होतो. शनिवारी शाळेत त्याने 'स्वच्छ भारत' वर चित्र काढलं तरी तो धडा पुसला जात नाही. उलटही तितकंच खरं. बाजारात जाताना आजी न चुकता कापडी पिशवी काखेत मारत असेल, तर नातवाला ती पिशवी बाजाराचाच भाग वाटते.

सवय पक्की व्हायला किती दिवस लागतात, याचं 'एकवीस दिवस' हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 प्रौढांवर केलेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक छोटं काम निवडलं आणि ते रोजच्या ठरलेल्या क्षणाला, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, जोडलं. काम आपोआप घडू लागायला सरासरी 66 दिवस लागले. कोणाला 18, तर कोणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. हा अभ्यास मोठ्यांवरचा आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी अंगणवाडीतही लागू पडतात. एक, नवं काम आधीच्या पक्क्या कामाला जोडावं. दोन, एका दिवसाच्या चुकीवरून मुलाला बोलू नये.

आता खुंटीकडे येऊ. घरात कापडी पिशवी असते, पण ती कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा दाराच्या मागे, मोठ्यांच्या डोक्याच्या उंचीवर. ती खाली आणा. उंबऱ्याजवळ, मुलाच्या खांद्याच्या रेषेत एक खुंटी ठोका आणि पिशवी तिथे लावा. चप्पल घालायच्या क्षणाला पिशवी जोडली गेली. पुढचे दोन महिने बाजाराला निघताना पिशवी काढून देणं हे त्या मुलाचं काम, आणि घरातल्या कोणीही तिच्याशिवाय बाहेर पडायचं नाही. ही पिशवी विकत आणायचीही गरज नाही. भिवंडी यंत्रमागांचं शहर आहे. जाडं ग्रे कापड नाहीतर आईची जुनी साडी घेऊन शिंप्याकडे गेलं की काम होतं. शिवताना मूल समोर असेल तर उत्तम. ती पिशवी मग 'माझी' होते.

हेच तत्त्व बाकी सगळीकडे. केराचा डबा मुलाला झाकण उघडता येईल असा. पाण्याच्या पिंपावर लहान दांड्याचं ओगराळं. झाडू अर्ध्या उंचीचा. मॉंटेसरींनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं तेव्हा लहान खुर्च्या, लहान टेबलं, हाताला येतील अशी कपाटं हा त्यांच्या विचाराचा गाभाच होता. ज्या वस्तूपर्यंत हात पोचत नाही, तिच्याबद्दलचा उपदेश मुलाच्या डोक्यावरून जातो.

थेंब मोजणं

पाण्यापासून सुरुवात करावी, कारण ते दिसतं, वाजतं आणि मोजता येतं.

गळका नळ शोधा. खाली एक बाटली ठेवा आणि मुलांना टपटप मोजायला सांगा. नळाच्या साधारण 20 थेंबांचं 1 मिलीलीटर होतं. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे 86,400 थेंब, म्हणजे 4 लिटरांहून जास्त पाणी. हा हिशोब मोठ्यांसाठी. पाच वर्षांच्या मुलासाठी संध्याकाळी भरलेल्या बाटल्या एका रांगेत मांडून ठेवणं पुरेसं आहे. ग्रामीण भागात माणशी दिवसाला 55 लिटर पाणी नळाने पोचवायचं, हे 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट. एका गळक्या नळातून त्यातला तेरावा भाग असाच जातो.

एक गोष्ट मात्र सांभाळायची. पाणी वाचवण्याच्या नादात हात धुणं कमी होता कामा नये. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने 20 सेकंद हात चोळायचे, आणि चोळताना नळ बंद. 'नळ बंद' हा नियम 'साबण लावला' या क्षणाला जोडलेला असला की मुलाला वेगळं आठवावं लागत नाही. वयाने मोठी मुलं धुतलेलं पाणी ओतायला एक झाड निवडतात. अंगणातली केळ किंवा अळूचा वाफा याला सर्वांत चांगला, कारण दोन्हींना पाणी हवं असतं आणि दोन्ही डोळ्यांदेखत वाढतात.

खारबावसारख्या गावात पाण्याची दुसरी बाजूही शिकवता येते. खाडीचं पाणी भरपूर आहे, पण ते पिता येत नाही. खारजमिनीत भात पिकतं ते पावसाचं गोडं पाणी मातीतलं मीठ धुऊन नेतं म्हणून, आणि खाडीचं पाणी आत शिरू नये यासाठी बांध राखला जातो म्हणून. भरपूर पाणी आणि वापरायचं पाणी यांतला फरक पुण्याच्या मुलाला पुस्तकातून कळतो. इथल्या मुलाला तो बांधावर उभं राहून दाखवता येतो.

जेवणाचा संबंधही इथेच जोडावा. जगाची सरासरी काढली तर एक किलो तांदळामागे सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागतं. हा आकडा मुलाला सांगायची गरज नाही. आषाढात लावणीच्या वेळी त्याला चिखलात उतरवून दहा रोपं लावू द्या, त्याची कंबर दुखू द्या. ताटात भात टाकू नये, हे नंतर एकदाच सांगावं लागतं. आणि वाढतानाच कमी वाढणं हे आपलं काम आहे. ताट भरून वाढायचं आणि उरलं म्हणून रागवायचं, यात मुलाचा काही दोष नाही.

भंगारवाला काय घेतो?

ओला आणि सुका कचरा वेगळा करायचा, हे घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 मध्ये प्रत्येक घरावर बंधनकारक झालं. पण 'ओला' आणि 'सुका' हे शब्द लहान मुलाला फसवतात. भिजलेला पुठ्ठा ओला की सुका? वाळलेली केळ्याची साल? त्यापेक्षा दोन प्रश्न सोपे. पहिला: हे मातीत कुजेल का? दुसरा: हे भंगारवाला घेईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुंडीत मिळतं. जूनमध्ये एका कुंडीत केळ्याची साल, पळसाचं पान, कागदाचा तुकडा आणि वेफर्सचं रिकामं पाकीट असं सगळं पुरा. वर मुलाच्या हाताने एक खूण लावा. पावसाच्या ओलीत महिन्या-दीड महिन्याने उकरून बघा. साल बहुतेक मातीत मिळालेली असते, पानाच्या शिरा उरलेल्या असतात, आणि पाकिटावरची किंमत जशीच्या तशी वाचता येते. या प्रयोगावर भाष्य करायची घाई करू नये. मूलच सगळ्यांना सांगत सुटतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भंगारवाल्याकडे. भिवंडीत पुठ्ठ्याला किंमत आहे, हे इथलं प्रत्येक मूल जाणतं. अंगणवाडीत आठवड्यातून एकदा घरची सुकी वस्तू आणायची आणि ती कोणत्या ढिगात जाईल ते ठरवायचं: पुठ्ठा, रद्दी, लोखंड-पत्रा, बाटल्या, आणि कोणीच न घेणारा ढीग. शेवटच्या ढिगात प्रामुख्याने चमकणारी पाकिटं दिसतात. ती कोणी घेत नाही याचं कारण असं की त्यात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढं कारण पुरतं. ढीग कमी करायचा तर काय, याचं उत्तर मग डब्यात असतं: चुरमुरे, शेंगदाणे, चणे, केळं, तांदळाच्या भाकरीचा तुकडा. शेव-चिवडाही चालेल, दुकानातून डब्यात आणला तर.

खारबावच्या पट्ट्यात कचऱ्याविषयी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, आणि ती म्हणजे जाळणं. ठाणे-कोकणात भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण, पाला, काटक्या पसरून उन्हाळ्यात राब भाजतात. जाळल्याने जागा स्वच्छ होते, हे मुलाने शेतात पाहिलेलं असतं. मग घरामागे पाल्याच्या ढिगात दुधाच्या पिशव्या, पाकिटं, थर्माकोलचे तुकडे टाकून काडी लावली जाते, तेव्हा त्याला त्यात वावगं काही दिसत नाही. बऱ्याच घरांत चूल पेटवायलाही प्लॅस्टिकच लावतात. पाला जाळणं आणि प्लॅस्टिक जाळणं यांतला फरक मुलाला नाकाने कळतो: एक धूर डोळ्यांत जातो, दुसरा घशात अडकतो. प्लॅस्टिकच्या धुरात विषारी वायू असतात, पीव्हीसी जळताना तर डायऑक्सिनसारखी अत्यंत घातक द्रव्यं तयार होतात. आजी-आजोबांना राब सोडा म्हणायचं नाही. पण पाल्याच्या ढिगात प्लॅस्टिक जाणार नाही, ही राखण मुलाकडे सोपवता येते, आणि आजोबा नातवाचं ऐकतात.

खाडी बघायला नेणं

डेव्हिड सोबेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने 1996 मध्ये एक इशारा दिला होता: चौथीच्या आधी मुलांना पर्यावरणाच्या शोकांतिका सांगू नका. जंगलं नष्ट होताहेत, प्राणी मरताहेत, पृथ्वी तापते आहे असं फार लवकर ऐकलेलं मूल निसर्गापासून दूर पळतं, कारण त्याला त्या संकटावर काहीच करता येत नाही. आधी ओळख, मग प्रेम, मग जबाबदारी.

ओळखीसाठी खारबावजवळ खाडी आहे. ओहोटीला, मोठ्या माणसाबरोबर, बांधावरूनच बघायचं. चिखलात उतरायचं नाही. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं दिसतात. चिखलात हवा नसते म्हणून तिवर ही मुळं वर काढून श्वास घेतो. तिवराचं पान उलटं करून जिभेला लावा, खारट लागतं; झाड शोषलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. निवटी चिखलावर उड्या मारताना दिसते. मासा असूनही ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून ती हवेतला प्राणवायू घेते. चिंबोरीचं बीळ, खंड्याची सूर मारणारी उडी, चिखलात निश्चल उभा बगळा. कांदळाच्या शेंगा झाडावरच अंकुरतात आणि मगच गळून पडतात. महाराष्ट्राने 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. असा मान देणारं हे पहिलं राज्य.

कोळंबी आणि माशांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात. ताटात येणाऱ्या कालवणाचा पाया तिवरात आहे, हे आगरी-कोळी घरातल्या मुलाला पटकन पटतं, कारण त्याला दोन्ही टोकं माहीत असतात.

भरती-ओहोटीतून कचऱ्याचा धडा आपोआप निघतो. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला आणखी वर येतं, अष्टमीच्या भांगाला कमी. खाडीत टाकलेली पिशवी जात नाही, ती वर-खाली फिरत राहते आणि एक दिवस तिवराच्या मुळांना अडकते. मुलाला 'समुद्र प्रदूषित होतो' म्हणण्यापेक्षा ओहोटीनंतर अडकलेल्या पिशव्यांकडे बोट दाखवावं आणि विचारावं, ही इथे कशी आली असेल? उत्तर शोधताना ते मूल नाला, पऱ्ह्या, घरामागची मोरी असं उलटं चालत घरापर्यंत येतं.

मुलं शिकतात ते घराघरांत पोचतं याचा पुरावाही आहे. सेशेल्स बेटांवर शाळांतल्या निसर्ग मंडळांतून मुलांना पाणथळ जागांविषयी शिकवलं गेलं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुलांच्या पालकांना पाणथळ जागांची अधिक माहिती असल्याचं आणि घरात पाण्याचा वापर अधिक जपून होत असल्याचं आढळलं. शिकवलं होतं मुलांना, बदललं घर.

बक्षीस नको

चांगल्या सवयींसाठी तक्ते, चांदण्या, 'आजचा पर्यावरणदूत' असे बिल्ले देण्याची पद्धत सर्वत्र आहे. 1973 मध्ये, पुन्हा स्टॅनफर्डमध्येच, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर याची परीक्षा घेतली. चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात या मुलांनी चित्रांना दिलेला वेळ इतरांच्या जवळपास निम्माच होता. न सांगता बक्षीस मिळालेल्या मुलांचा रस मात्र कमी झाला नव्हता.

झाडाला पाणी घालणं हे मुलाला मुळात आवडतं. त्याला किंमत लावली की ते काम होतं, आणि किंमत थांबली की काम थांबतं. बिल्ल्याऐवजी जबाबदारी द्या. 'ही तुळस तुझी', 'पिशवी काढायचं काम तुझं', 'खोलीतून निघताना दिवा बघायचं काम तुझं.' आणि केलेलं काम मोठ्यांनी खरोखर वापरा. मुलाने वेगळा ठेवलेला पुठ्ठा भंगारवाल्याला दिला गेला, त्याच्या सालींच्या खताने दोडका लागला, हेच त्याचं बक्षीस.

वयाप्रमाणे काम

तीन-चार वर्षं: सालं ठरलेल्या डब्यात, चपला रांगेत, ताटात कमी घेणं, ओगराळ्याने झाडाला पाणी. एका वेळी एकच काम, ते बसल्यावर दुसरं.

पाच-सहा वर्षं: पिशवी काढणं, साबण लावताना नळ बंद, भंगाराचे ढीग ओळखणं, पाठकोऱ्या कागदांवर चित्रं. पळसाच्या पानांची द्रोण-पत्रावळ टोचायला आजीकडून शिकणं. या वयाची बोटं त्याला तयार असतात.

सात-आठ वर्षं: दिवे-पंखे बंद करणं, खताचा खड्डा सांभाळणं, नळांची पाहणी. आता हिशोबही पेलतो: 75 वॉटचा पंखा रिकाम्या खोलीत तेरा-साडेतेरा तास फिरला की वीजबिलात एक युनिट वाढतं. घरात बिल आल्यावर ते त्याच्यासमोर वाचा. पावसाळी रानभाज्यांची ओळखही या वयात व्हावी: टाकळा, कुरडू, भारंगी. शेवळं मात्र घसा खाजवतात, ती निवडण्याचं काम जाणत्या बाईच्या शेजारी बसूनच.

मुलांचं काम आणि आपलं काम

पर्यावरण शिक्षण ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 ला ते शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर सक्तीचं करायला सांगितलं. महाराष्ट्रात तिसरीपासून 'परिसर अभ्यास' आहे. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने राज्यात प्लॅस्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. 2 ऑक्टोबर 2020 पासून 'माझी वसुंधरा' अभियानात गावांना गुण मिळतात.

इतकं सगळं असूनही एक धोका आहे, तो म्हणजे मोठ्यांनी न केलेली कामं मुलांच्या अंगावर ढकलण्याचा. प्रभातफेरी मुलांनी काढायची, घोषणा मुलांनी द्यायच्या, आणि त्याच संध्याकाळी हळदीच्या मांडवात दोन हजार माणसं थर्माकोलच्या ताटात जेवायची. मूल हे बघतं, आणि 'हे फक्त शाळेत म्हणायचं असतं' असा निष्कर्ष काढतं. एकदा हा निष्कर्ष निघाला की पुढची सगळी शिकवणी वाया जाते. त्यामुळे लग्नात केळीची पानं किंवा भाड्याची स्टीलची ताटं आणणं हा बालशिक्षणाचाच भाग समजावा.

मुलाच्या हाताबाहेरच्या गोष्टींसाठी मोठ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेचा गळका नळ तिथे मांडायचा. ग्रामसभेत गावाच्या पैशांचा हिशोब मागता येतो; पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. त्यातून गावात काय उभं राहिलं आणि पुढे काय होणार, हे विचारायचं. गोदामांतून बाहेर पडणारा पुठ्ठा आणि प्लॅस्टिक कुठे जातं, ते उघड्यावर जळतं का, हेही तिथेच.

आणि मुलांनी दोन डब्यांत वेगळा केलेला कचरा घंटागाडीत एकत्र ओतला जात असेल, तर त्याची तक्रार घेऊन पंचायतीच्या दारात उभं राहायचं ते त्यांच्या आई-बापांनी. त्या दिवशी मुलाला बरोबर न्यायला मात्र हरकत नाही. तक्रार कशी करतात, हीसुद्धा बघून शिकायची सवय आहे.